काचवाले आणि त्यांचे दुभाषी व्याही

गावातल्या निम्म्या खिडक्यांची मापं काचवाल्यांना तोंडपाठ होती. रस्त्यात कुणी ओळख दाखवली की त्या माणसाचं नाव आठवायला त्यांना वेळ लागायचा, पण त्याच्या स्वयंपाकघरातलं तावदान किती रुंद नि किती उंच, हे मात्र लगेच डोळ्यांपुढे यायचं. वय त्रेसष्ट, अंगाने आटोपशीर, डाव्या अंगठ्यावर काचेच्या जुन्या खुणांची जाळी. बाजाराच्या टोकाला त्यांचं बोळकांडीसारखं दुकान होतं. भिंतीशी लाकडी घोड्यांवर काचा उभ्या, मधोमध एक लांब टेबल, त्यावर जुनी घोंगडी अंथरलेली आणि खाली काच चौकटीत पक्की करायच्या लांबीचा डबा. लांबी ते विकत आणत नसत. खडूची पूड आणि जवसाचं तेल घेऊन स्वतः मळायचे, कणीक मळावी तशी. त्यामुळे कपड्यांना कायम तेलाचा वास. "तुमच्या आधी तुमचा वास जिना चढून येतो," असं बायको म्हणायची, पण तक्रारीच्या सुरात नाही.

सुखी माणूस होता. हाताला काम होतं, हात अजून थरथरत नव्हता, मुलगी लग्न होऊन चार गल्ल्या सोडून नांदत होती. आणि दर रविवारी दुपारी भांडायला हक्काचे व्याही होते.

व्याही म्हणजे जावयाचे वडील. सत्तरीला टेकलेले, उंच, शर्टाला नेहमी कडक इस्त्री. शाळेत परकी भाषा शिकवून निवृत्त झाले होते, पण मास्तर म्हणून त्यांना कुणी ओळखत नसे. अख्ख्या गावाच्या तोंडी त्यांचं एकच नाव होतं, दुभाषी. एकतीस वर्षांपूर्वी परदेशी फौज गावात आली, तेव्हा त्या फौजेचं बोलणं गावाला आणि गावाचं फौजेला सांगायला हेच होते. काम चौदा महिन्यांचं, नाव मात्र जन्माला चिकटलं.

रविवारी दुभाषी, जावई, मुलगी आणि सात वर्षांची नात असे चौघं काचवाल्यांकडे जेवायला यायचे. जेवताना फौजेचा विषय काढायचा नाही, असा बायकोचा कायदा होता. ताटं उचलली की व्याही-व्याही सरसावून बसायचे.

"ते आले नसते तर आज आपण दोघं इथे बसलो नसतो," दुभाषी म्हणायचे. "दोन टोळ्यांच्या मधे गाव सापडलं होतं. रोज माणसं मरत होती. कुणीतरी यायलाच हवं होतं."

"कुणीतरी यायला हवं होतं, कबूल. पण हेच का आले? बंदराकडून येणारी तेलाची नळवाट आपल्या गावावरून जाते म्हणून. डोंगरापलीकडे तशीच माणसं मरत होती. तिकडे कोण गेलं?"

"तिकडे मदत केली नाही म्हणून इकडेही करू नये का?"

"मदतीला येणाऱ्याने दार वाजवून यावं, व्याहीबुवा. यांनी येताना स्टेशनाजवळचा तेलसाठा उडवला. एका सकाळीत गावात एक काच धड राहिली नाही."

"आणि त्यावर तुमचं दुकान उभं राहिलं."

"राहिलं की. पण मला धंदा लावून द्या, असा अर्ज मी केला नव्हता."

असं तासभर चालायचं. आवाज चढायचे, चहा गार व्हायचा, नात दोघांच्या मधे बसून चित्रं काढायची. जावई पेपरात डोकं घालून बसे. एकच जागा अशी होती की तिथे दुभाष्यांची बोलती बंद व्हायची. काचवाले म्हणायचे, "बाकी सगळं सोडा. शब्द दिला होता त्यांनी. देऊन मोडला." यावर दुभाषी उत्तर देत नसत. चष्मा काढून पुसायला लागायचे. काचवाल्यांना वाटायचं, जिंकलो. मग ते मोठ्या मनाने विषय बदलायचे.

तो शब्द काय होता, ते सांगायला हवं.

गोळीबार सुरू झाला तेव्हा काचवाले बत्तीस वर्षांचे होते, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. गाव महिन्याभरात रिकामं झालं. तेही बायकोला घेऊन नदीपलीकडे मावशीकडे गेले आणि तिच्या माळ्यावर सात महिने राहिले. मग फौज आली, टोळ्या डोंगरात पळाल्या, आणि घराचं काय झालंय ते बघायला काचवाले एकटेच चालत परत आले. त्या दिवशी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर फौजेचा अधिकारी उभा होता. समोर जेमतेम चाळीस माणसं, त्यांच्यासारखीच आपापलं घर बघायला आलेली. अधिकारी आपल्या भाषेत काहीतरी बोलला, आणि शेजारी उभ्या असलेल्या उंच, हडकुळ्या माणसाने ते खणखणीत आवाजात सांगितलं: "तुमच्यातलं शेवटचं कुटुंब घरी परतून निर्धास्त झोपेपर्यंत आमचा एकही माणूस इथून हलणार नाही."

काचवाले त्याच पावली मावशीकडे गेले आणि चौथ्या दिवशी बायकोला घेऊन आले. तोवर ते सुताराच्या हाताखाली दारं-खिडक्या बसवायचे, काच हा त्यातला एक भाग. पण सगळं गाव उघड्या चौकटींनी उभं होतं आणि हिवाळा तोंडावर आला होता. त्यांनी काच धरली ती धरलीच. वर्षभरात गावाला पुन्हा तावदानं आली. मुलगी त्याच घरात झाली.

आणि चौदा महिन्यांनी, अजून तिसरा हिस्सा गाव परतलेलं नसताना, फौजेने तीन दिवसांत गाशा गुंडाळला. कुणाला काही सांगितलं नाही. पाठोपाठ टोळ्या डोंगरातून उतरल्या. तो हिवाळा फार वाईट गेला. दिवे नव्हते, रस्त्यावर माणूस नव्हता. बाजारातल्या घड्याळजीला एके सकाळी दुकानातून बोलावून नेलं आणि तो परत आला नाही. त्याची दुरुस्तीला आलेली घड्याळं लोकांनी नंतर एकेक करून नेली. सगळं निवळायला दोन वर्षं लागली.

त्या दोन वर्षांत दुभाष्यांच्या खिडकीवर पाच वेळा दगड आले. फौज गेली, तिच्या वाटचा राग ह्यांच्यावर. पाचही वेळा काच बसवायला काचवालेच गेले. पहिल्या तीन खेपांना दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. चौथ्या खेपेला दुभाष्यांनी चहा विचारला. पाचव्या खेपेला लांबीवरून बोट फिरवता फिरवता काचवाल्यांनी विचारलं, "का आले होते हो ते?" वाद तेव्हापासूनचा. पुढे मुलं मोठी झाली, त्यांनी परस्पर एकमेकांना पसंत केलं, आणि नऊ वर्षांपूर्वी दोघं व्याही झाले.

यंदाच्या वसंतात त्या परक्या देशाने तेव्हाचे सरकारी कागद खुले केले. तीस वर्षं उलटली की उघडायचे, असा त्यांचा नियम होता म्हणे. एका मंगळवारी पेपरात त्यातल्या निवडक कागदांची भाषांतरं छापून आली, चांगली आठ पानं. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी लगोलग शनिवारी दुपारी चर्चा ठेवली. विषय, परदेशी फौज का आली आणि काय ठेवून गेली. एका बाजूने दुभाषी, दुसऱ्या बाजूने काचवाले. "नाहीतरी तुमची तालीम रोजचीच आहे," असं बाई म्हणाल्या.

काचवाल्यांना आठ पानं म्हणजे मेजवानीच होती. बुधवारी पहाटेच दुकानात जाऊन त्यांनी ती घोंगडीवर पसरली आणि पेन्सिलीने खुणा करत गेले. फौज पाठवायच्या कारणांत नळवाट होती. तिकडची निवडणूक होती. शेजारच्या देशाला धाक बसवायची गोष्ट होती. माणसं मरत असल्याचंही होतं, चौथ्या क्रमांकावर. ते खूश झाले. मग सातव्या पानावर त्यांना त्या अधिकाऱ्याचा रोजचा अहवाल सापडला. तारीख तीच, पायऱ्यांवरची. "जमलेल्या लोकांना सांगितलं की वरून हुकूम येईपर्यंत आम्ही इथे आहोत, पुढचं सांगता येत नाही. कोणतंही आश्वासन दिलेलं नाही."

काचवाल्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणजे शब्द मोडला तो मोडला, वर अहवालातही खोटं लिहिलं. असा पुरावा आयता हातात आलेला. शनिवारपर्यंत दम निघेना. पेपर घडी करून त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि थेट व्याह्यांचं घर गाठलं.

दुभाषी स्वयंपाकघरात शर्टाला इस्त्री करत होते. मुलगी, जावई कामावर, नात शाळेत. काचवाल्यांनी पेपर इस्त्रीच्या टेबलावरच टाकला.

"सातवं पान. वाचा. तुमच्या अधिकाऱ्याने काय लिहून ठेवलंय बघा. चाळीस माणसांदेखत बोललेलं फिरवलं पठ्ठ्याने."

दुभाष्यांनी पेपर उचलला नाही. "वाचलंय मी. कालच." त्यांनी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. "त्याने खरं लिहिलंय."

"म्हणजे?"

"तो एवढंच म्हणाला होता. हुकूम येईपर्यंत आहोत, पुढचं सांगता येत नाही. शेवटच्या कुटुंबाचं वगैरे माझं होतं."

काचवाले खुर्चीवर बसले. बाहेर कुणीतरी सायकलला पंप मारत होतं.

"का?" त्यांनी विचारलं.

दुभाषी शर्टाची बाही सरळ करत राहिले. "बायकोला आणि पोराला सासुरवाडीला पाठवलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली, तिला हलवता येत नव्हतं, म्हणून मी मागे राहिलो. आठ महिने त्या गल्लीत आम्ही दोघंच. समोरच्या घराचं दार वाऱ्याने आपटायचं, तर मी उठून बघायला जायचो, कुणी आलं का म्हणून. त्या दिवशी तुम्ही चाळीस जण समोर दिसलात. तो म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं असतं, तर तुम्ही सगळे पाठ फिरवून गेला असता. मला शेजारी हवे होते. दुसरं काही कारण नाही."

"आणि इतकी वर्षं मी तुम्हाला सुनावतोय, त्यांनी शब्द मोडला म्हणून."

"दर रविवारी."

"तुम्ही ऐकून घेत होता."

"काय सांगणार होतो? पहिल्या वर्षी भीतीने सांगितलं नाही. मग लाजेने. मग मुलांचं लग्न ठरलं." त्यांनी शर्टाची घडी घातली. "त्या आठवड्यात अकरा घरं परत आली. मी मोजली होती. त्यातलं एक घड्याळजीचं."

काचवाले उठले आणि पेपर तिथेच विसरून दुकानात आले. दवाखान्याच्या खिडकीचं एक साधं तावदान कापायचं होतं. कटर फिरवला, काच टेबलाच्या कडेवर धरून दाबली, तर ती भलतीकडेच तडकली. दुसरी घेतली, तीही गेली. दुपारी ते घरी आले.

बायको मटार सोलत बसली होती. त्यांनी सगळं सांगितलं. तिने हात न थांबवता ऐकून घेतलं.

"मग तुम्हाला राग कशाचा आलाय?" तिने विचारलं.

"कशाचा म्हणजे? माझा अख्खा संसार एका थापेवर उभा राहिला."

"तुमचा राहिला असेल. मी काही त्या वाक्यावर आले नव्हते."

"मी येऊन सांगितलं, फौज थांबणार आहे. त्यावरच तर निघालो आपण."

"तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. मनात म्हटलं, थांबो नाहीतर न थांबो. तुमच्या मावशी दोन वेळा जेवायला वाढायच्या आणि चार वेळा बोलून दाखवायच्या. मला सातवा लागला होता. त्या माळ्यावर बाळंत होणार नाही, हे मी केव्हाच ठरवलं होतं. फौज राहू द्या, नुसता एक पोलीस थांबणार आहे असं सांगितलं असतंत, तरी मी बोचकं बांधलं असतं."

एकतीस वर्षांत हे काचवाल्यांना कधी कळलं नव्हतं. मावशीबद्दल तर नाहीच नाही.

"घड्याळजीचं मात्र वाईट झालं," ती म्हणाली. "ते व्याह्यांना खात असणार."

"हो."

"मग शनिवारी काय करणार?"

"माहीत नाही."

शनिवारी वाचनालयाची खालची खोली भरली होती. साठेक खुर्च्या, मागे काही जण उभे. दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, घड्याळजीची बायको बसली होती. आता म्हातारी झालेली, केस आखूड कापलेले, मांडीवर पिशवी. काचवाल्यांना तिच्याकडे बघवेना. दुभाष्यांशी बुधवारनंतर त्यांचं बोलणं झालेलं नव्हतं. दोघं टेबलामागे शेजारी शेजारी बसले होते, मधे पाण्याचा तांब्या.

आधी दुभाषी उठले. फौजेची बाजू मांडायची होती, पण त्यांनी ती मांडलीच नाही. त्यांनी पायऱ्यांवरचा दिवस सांगितला. अधिकारी काय म्हणाला आणि आपण काय सांगितलं, दोन्ही सांगितलं. का सांगितलं तेही. आवाज खणखणीतच होता. खोलीत कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे खोटं बोललात." दुभाषी म्हणाले, "हो."

घड्याळजीची बायको उभी राहिली.

"तो नेमकं काय म्हणाला होता, ते पुन्हा सांगा," ती म्हणाली. "आधी त्याच्या भाषेत."

दुभाष्यांनी ते परक्या भाषेत सांगितलं, मग आपल्या. तिने मान हलवली.

"आमच्या घरी ते वाक्य घड्याळजींनी आणलं होतं. तरी ते परत यायला तयार नव्हते. म्हणत होते, फौजेचं काय खरं. मीच मागे लागले. म्हटलं, एवढं वचन दिलंय, तुम्ही कशाला घाबरता. माझ्या हट्टापायी आलो आम्ही." तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आजवर मी हे एकटीने वाहत आले. आता निम्मं तुम्ही घ्या."

दुभाषी म्हणाले, "घेतो."

"ठीक आहे," ती म्हणाली आणि खाली बसली.

ग्रंथपाल बाईंना पुढे काय करावं ते कळेना. त्यांनी काचवाल्यांकडे बघितलं. काचवाल्यांच्या खिशात चार पानं होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. ते उठले, पानं काढली, बघितली आणि पुन्हा खिशात घातली.

"माझा मुख्य मुद्दा गेला," ते म्हणाले. एक-दोघं हसले, मग बरेच जण. "शब्द मोडला, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. त्यांनी दिलाच नव्हता. त्यांची कारणं त्यांच्याजवळ होती. पेपरात तीन छापलीत, आपण चौथे. ते आपल्यासाठी आले नव्हते, हे मी अजूनही म्हणतो. पण मी परत आलो तो त्यांच्या भरवशावर नाही, हे मला बुधवारी कळलं. एका माणसाला गल्लीत एकट्याने राहायची भीती वाटत होती, म्हणून मी आलो. आणि माझी बायको तर माझ्या मावशीला कंटाळून आली."

या वेळी सगळी खोली हसली. घड्याळजीची बायकोही थोडी हसली.

"आता आमचे व्याही बरोबर वागले का? मला सांगता येत नाही. त्यांच्या जागी मी असतो, तर माझ्याकडून एवढं धाडस झालं नसतं. अकरा घरं आली, त्यातलं एक बुडालं, दहा राहिली. असा हिशोब घालून हे सुटत नाही, मी घालून बघितला. पण माझी मुलगी इथे जन्मली, ती त्यांची सून झाली, आणि हे सगळं मला आवडतं. ते काही मी परत करणार नाही."

एवढ्यावर ते बसतील असं लोकांना वाटलं. पण तयारी केलेली होती, ती वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पानं पुन्हा बाहेर काढली आणि नळवाटीपासून सुरुवात करून चांगली वीस मिनिटं फौजेवर तोंडसुख घेतलं. पाचव्या मिनिटाला दुभाष्यांनी मधेच बोट वर करून तारीख दुरुस्त केली. दहाव्या मिनिटाला ते उभेच राहिले आणि म्हणाले, की तिसऱ्या पानावरचा तो शब्द भाषांतरकाराने साफ चुकवलाय, तिथे 'फायदा' नाही, 'जबाबदारी' आहे. "आता तुमच्या भाषांतरावर कोण विश्वास ठेवणार?" काचवाले म्हणाले, आणि लोक पुन्हा हसले. दुभाषीही हसले.

चर्चा संपल्यावर घड्याळजीची बायको दाराशी दुभाष्यांसाठी थांबली होती. दोघं वाचनालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून अर्धा तास काहीतरी बोलत होते. काचवाले लांबूनच निघून गेले. त्यांनी कधी विचारलं नाही, दुभाष्यांनी सांगितलं नाही. मात्र त्यानंतर दर गुरुवारी दुभाषी तिच्याकडे जायला लागले. बाजारातून तिचं जड सामान आणून द्यायचे, तिच्या परदेशातल्या मुलीची कागदपत्रं वाचून दाखवायचे. गावात कुणी कुणी त्यांना रस्त्यात टाळू लागलं, पण तेही महिना-दोन महिनेच.

चर्चेच्या दुसऱ्याच दिवशी रविवार होता. काचवाल्यांना धाकधूक होती, येतात की नाही. बायकोने नेहमीपेक्षा अर्धा किलो बटाटे जास्त उकडले. चौघंही वेळेवर आले. जेवताना दुभाषी काचवाल्यांच्या बायकोला म्हणाले, "विहीणबाई, त्या मावशींचे माझ्यावर उपकार आहेत, हे मला माहीतच नव्हतं." ती म्हणाली, "कुणाला काय कुणाचं माहीत असतं," आणि त्यांना आणखी वाढलं.

ताटं उचलली. काचवाल्यांना वाटलं होतं, आता भांडायला राहिलंय काय. पण दुभाष्यांनीच पहिला चेंडू टाकला.

"समजा, मी त्या दिवशी बरोबर सांगितलं असतं. मग?"

"मग मी नदीपलीकडेच राहिलो असतो. सुतारकाम केलं असतं."

"शक्यच नाही. तुमची मंडळी तुम्हाला ओढत घेऊन आली असती. कालच सांगितलंत."

"आली असती, पण वसंतात. हिवाळ्यात नाही."

"बाळंतपण हिवाळ्यात होतं, बाबा," मुलगी आतून म्हणाली. "माझा वाढदिवस विसरलात का?"

आजवर गप्प बसायची जी एक जागा होती, ती नाहीशी झाल्यापासून दुभाषी भलतेच बोलके झाले. एकामागून एक आठवणी निघाल्या. अधिकाऱ्याला उंदरांची भीती कशी वाटायची, त्याचा स्वयंपाकी चोरून कुणाकुणाला पीठ वाटायचा, निघायच्या आदल्या दिवशी अधिकारी आपल्याशी नजर कशी चुकवत होता. काचवाल्यांनी प्रत्येक गोष्टीत खोट काढली, आणि मधेच पुढचं सांगा म्हणून घाईही केली. चार वाजले तरी दोघं नळवाटीपर्यंत पोचले नव्हते. शेवटी बायकोला टेबल पुसायचं होतं, म्हणून जावयाने पेपर बाजूला ठेवला, एकेक करून दोघांच्या खुर्च्या उचलल्या आणि बाहेर अंगणातल्या उन्हात नेऊन ठेवल्या. दोघं बोलत बोलतच खुर्च्यांमागून गेले.